ठिणगीमामांची बिनठिणगीची गाडी

गल्लीतल्या निम्म्या फाटकांवर ठिणगीमामांचा हात फिरलेला होता. शाळेची घसरगुंडी त्यांची, पाण्याच्या टाकीची शिडी त्यांची, दवाखान्याच्या पायऱ्यांचा कठडाही त्यांचाच. चाळीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं. त्यांच्या एकाही शर्टाला धड बाही नव्हती, सगळीकडे ठिणग्यांनी पाडलेली मोहरीएवढी भोकं. ती रफू करता करता मामींनी लग्नाच्या दहाव्या वर्षी हात टेकले आणि सांगून टाकलं, "आता शर्टही तुमचा आणि भोकंही तुमची."

मामांचं एक ठाम मत होतं. जोडायचं ते असं जोडायचं, की पुन्हा कोणाच्या बापाला सुटता कामा नये. नट-बोल्ट त्यांच्या लेखी उपरे. "बोल्ट म्हणजे भाडेकरू," ते म्हणायचे, "आज आहे, उद्या नाही. वेल्डिंग म्हणजे घरजावई." त्यावर मामी शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणायच्या, "घरजावयांबद्दल तुम्हाला बरी माहिती." कारण मामा लग्न झाल्यावर सासऱ्यांच्याच घरात राहायला आले होते, आणि त्याला आता अडतीस वर्षं होत आली होती.

घर मामींच्या नावावर झालं, तशी सासऱ्यांची पिकअपही. शेवाळी रंगाची, गोल दिव्यांची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. सासरे सुतार होते. कपाटं आणि टेबलं बनवून ती गिऱ्हाइकांच्या घरी याच गाडीने पोचवायचे. मामी तेव्हा सात-आठ वर्षांच्या. बाबांच्या शेजारी बसल्या की पहिल्या वळणाला त्यांचा डोळा लागायचा. घर आलं तरी बाबा गाडी थांबवायचे नाहीत. मुलीची झोपमोड नको म्हणून दारावरून पुढे जायचे आणि गल्लीला आणखी एक वेढा घालायचे. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "मी जागीच असायचे," मामींनी हे मामांना लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, "पण डोळे उघडले असते तर फेरी संपली असती ना."

पुढे मामा ती गाडी चालवू लागले आणि शेजारच्या जागेवर मामी बसू लागल्या. दर गुरुवारी मामी शिवलेले कपडे घेऊन बाजारातल्या दुकानात जायच्या. मामा त्यांना सोडायचे, बाहेर गाडीला टेकून उभे राहायचे आणि परत आणायचे. एवढंच. पण मामांच्या सबंध आठवड्यात गुरुवारइतका चांगला वार दुसरा नव्हता.

मग मामींची पाठ गेली. शिवणयंत्रावर चाळीस वर्षं वाकून बसलेली पाठ ती, किती दिवस ऐकून घेईल? ऑपरेशन झालं, पट्टा आला, उशा आल्या. घरात त्या हिंडूफिरू लागल्या, लेकीच्या मऊ गाडीत बसू लागल्या, पण पिकअपमध्ये पाय ठेवला की गल्लीच्या तोंडाशीच "थांबवा, थांबवा" व्हायचं. मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कपाटांचं ओझं पेलायला बनवलेले. रिकाम्या गाडीला ते खड्ड्यागणिक असं उडवत, की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत.

अकरा महिने पिकअप दारात उभी राहिली. बाराव्या महिन्यात मामींनी स्वतःच विषय काढला.

"विकून टाकू या."

मामांच्या हातातला चहा हातातच राहिला. "काय?"

"जी गाडी मला बसू देत नाही, ती रोज खिडकीतून कशाला बघायची? दातांच्या डॉक्टरांना जुन्या गाड्यांचा शौक आहे. मी त्यांना शब्द दिलाय. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी अकराला येतायत."

मामांना बोलायचं पुष्कळ होतं, पण गाडी मामींची होती आणि दुखणंही मामींचंच. दोन दिवस ते येता-जाता गाडीचा हौदा पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी लेकीला फोन केला, मग गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आपल्या मित्राकडे गेले. हा मित्र बसडेपोत तीस वर्षं फिटर होता, म्हणून सगळे त्याला डेपोच म्हणत. तीन-चार दिवसांत लेकीने मागवलेलं एक जड खोकं दारात येऊन पडलं. त्यात काळ्या रंगाचे दांडे, दोन जाड स्प्रिंगा, धक्के शोषणारे नवे शॉकअप, जाडजूड ब्रॅकेट आणि पिशवीभर बोल्ट होते. जुने पाटे काढायचे आणि त्यांच्या जागी हे बसवायचं. स्प्रिंगा गाडीचं वजन झेलणार, दांडे मागच्या दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणार. लोक सांगतात, की याने जुनी गाडी गादीसारखी चालते.

"रविवारपर्यंत वेळ दे," मामा म्हणाले. "तोवर तू गाडीत सुखाने बसलीस तर विकायची नाही. नाही बसलीस, तर मी स्वतः डॉक्टरांच्या हातात किल्ली देईन."

मामी बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. "एक अट. बाबांच्या गाडीला वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लागता कामा नये. नाहीच जमलं, तर सगळं सोडवून पाटे परत बसले पाहिजेत. डॉक्टरांना मी गाडी आहे तशी देणार म्हणून सांगितलंय. बोल्ट त्यांना चालतील, डाग चालणार नाही."

म्हणजे जन्मभर ज्यांना भाडेकरू म्हणून हिणवलं, त्याच बोल्टांच्या पाया पडायची वेळ मामांवर आली. डेपोला ही अट कळली तेव्हा तो हसता हसता खाली बसला. "तुझ्या बायकोने तुला बरोबर पकडलंय रे," तो म्हणाला. "माशाला म्हणे, पोहू नको, चालत ये."

सोमवारी काम सुरू झालं. घराच्या बाजूला पत्र्याची शेड, समोर मामींची खिडकी, खिडकीत त्यांचं शिवणयंत्र. मामांनी गाडीचा मागचा भाग जॅकने उचलला, चासीखाली, म्हणजे सांगाड्याखाली, आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली. पाटे काढायला अख्खा दिवस गेला. नट गंजून एकजीव झाले होते. डेपो तेल सोडायचा, थांबायचा, परत सोडायचा. मामांना थांबणं माहीत नव्हतं. ते म्हणत, "कापून टाकू," आणि डेपो म्हणे, "कापलेलं परत बसतं का?" शेवटी पाटे सुटले तेव्हा मामांनी ते पुसून, ग्रीस लावून, जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीशी ठेवले. लागले तर लागले.

पाट्यांचे जुने आधार चासीला रिव्हेटनी ठोकलेले होते. त्यांची डोकी घासून काढायची, मधून भोक पाडायचं, मग दट्ट्याने ठोकून बाहेर. मंगळवार त्यात गेला. प्रत्येक रिव्हेट "टण्" करून पडला, की खिडकीतून मामी मोजायच्या, "नऊ!" बाविसाव्या रिव्हेटला त्यांनी यंत्र थांबवलं आणि स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. पाठ दुखत असताना पायऱ्या उतरून आल्या, हे मामांच्या लक्षात आलं. चहा पिताना त्यांना उगाच बरं वाटत राहिलं.

नवे ब्रॅकेट त्याच भोकांवर बरोब्बर बसत होते. बनवणाऱ्याने माप चोख घेतलं होतं, मामांनासुद्धा मान डोलवावी लागली. पण बुधवारी दुपारी गाडं अडलं. डाव्या बाजूचं एक भोक वर्षानुवर्षं झिजून लांबट झालं होतं. बोल्ट आत घातला की लुळ्या दातासारखा हलायचा. डेपो जेवायला घरी गेलेला. मामांनी बोल्ट हलवून बघितला, परत हलवून बघितला. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या वेल्डिंग मशीनकडे गेली.

दोन मिनिटांचं काम होतं. भोक भरायचं, घासायचं, नवीन पाडायचं. वर रंग मारला की ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मामांचे हात शिवशिवू लागले. आपण मशीनपाशी कधी गेलो आणि बटण कधी दाबलं, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. मशीन घूंऽऽ करू लागलं.

खिडकीतलं शिवणयंत्र तत्क्षणी थांबलं.

"अहो! मशीन कशाला चालू केलंय?"

"केबल बघत होतो!" मामा ओरडले. "उंदराने कुरतडली का ते!"

"मग? कुरतडली?"

"नाही!"

"मग बंद करा!"

मामांनी बंद केलं. कान लाल झाले होते. मेंढरासारखे निमूट खाली बसले आणि डेपोची वाट बघू लागले. डेपोने येऊन भोकात बोट घातलं, खिशातून मोजपट्टी काढली आणि सायकलवरून लेथवाल्याकडे गेला. तासाभरात तो एक छोटी पोलादी नळी घेऊन आला. भोक थोडं मोठं करून गोल केलं, नळी आत ठोकली, मागून जाड पट्टी लावली. बोल्ट असा बसला, की हलायचं नाव नाही. मामांनी तो चार वेळा हलवून पाहिला. मनातल्या मनात त्यांनी सगळ्या बोल्टांची माफी मागितली, पण डेपोसमोर एवढंच म्हणाले, "ठीक आहे."

गुरुवारी दांडे चढले. चार दांडे, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना बुश, म्हणजे रबर भरलेली कडी, आणि तिच्यातून जाणारा बोल्ट. शुक्रवारी स्प्रिंगा बसल्या, शॉकअप लागले, ब्रेकची नळी परत नीट अडकवली. आता फक्त सगळे बोल्ट शेवटचे कसायचे राहिले होते. डेपोला शनिवारी डोळे तपासायला जायचं होतं. "मी आल्यावर शेवटचं बघू," जाताना तो म्हणाला.

मामांना कसला धीर? शनिवारी सकाळी सातलाच ते गाडीखाली शिरले. लोखंडाचा माणूस तो. लोखंड हवेत जोडा नाहीतर जमिनीवर, जोडलं की जोडलं. गाडी घोड्यांवर, अ‍ॅक्सल खाली लोंबतोय, आणि मामांनी एकेक बोल्ट जीव खाऊन आवळला. खोक्यासोबत चित्रांचा कागद आला होता. त्यातलं शेवटचं चित्र गाडी चाकांवर उभी आहे आणि शेजारी एक पाना, असं होतं. मामांना वाटलं, काम झाल्याचं चित्र असेल. चाकं लावली, घोड्या काढल्या, हात धुतले, केस विंचरले.

"चल," ते खिडकीशी येऊन म्हणाले. अडतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा फिरायला बोलावताना आवाज जसा झाला होता, अगदी तसाच झाला.

मामी पट्टा बांधून चढल्या. गल्ली पार झाली. मोठ्या रस्त्याला पहिला गतिरोधक आला. मामांनी वेग कमी केला. गाडी पूर्वीसारखी उडाली नाही, हे खरं. पण मागून एक कोरडा, आखडलेला हिसका बसला, आणि मामींचा हात दाराच्या कडीवर आवळला गेला. दुसरा गतिरोधक, दुसरा हिसका. तिसऱ्याआधीच त्या म्हणाल्या, "परत फिरवा."

घरी आल्यावर मामी शेकायची पिशवी पाठीला लावून कडक खुर्चीवर बसल्या. मामा दाराच्या उंबऱ्यावर. मामांचा जीव अगदी रडकुंडीला आला होता, आणि तो रडकुंडीला आलाय हे मामींना दिसत होतं.

"झालं," मामा शेवटी म्हणाले. "उद्या सकाळी पाटे परत चढवतो. डॉक्टर अकराला येतील."

"पूर्वीपेक्षा बरं होतं हो," मामी म्हणाल्या. "उडत नाही. पण मोकळी बसत नाहीये. काखेत काचणारा कोट घातल्यासारखं वाटतं. हात वर केला की सगळा कोट वर येतो."

"कोट काचत असेल तर तू काय करतेस?"

"उसवते. कुठे ओढलाय ते बघते." मामींनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "तुम्ही शेवटचे बोल्ट कसे आवळलेत?"

"कसे म्हणजे? पान्याने."

"तसं नव्हे. गाडी चाकांवर होती की वर टांगलेली?"

"टांगलेली. खाली शिरायला जागा नको का?"

मामींनी मामांकडे असं बघितलं, जसं त्या पहिल्या दिवशी उलटी कॉलर लावून आणणाऱ्या शिकाऊ मुलीकडे बघत. "अहो, खुंटीवर टांगलेल्या कोटाला कोणी शेवटची टीप मारतं का? माणसाच्या अंगावर घालायचा, त्याला उभा करायचा, हात हलवायला सांगायचं. मग मारायची."

मामा उंबऱ्यावरून उठले. घरात गेले, चित्रांचा कागद आणला, शेवटचं चित्र डोळ्यांजवळ धरलं. गाडी जमिनीवर उभी. शेजारी पाना. पान्यातून निघालेला बाण थेट बुशच्या बोल्टकडे.

सगळं त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. अ‍ॅक्सल लोंबत असताना बोल्ट आवळले, म्हणजे बुशमधलं रबर त्या लोंबत्या अवस्थेतच पकडलं गेलं. गाडी खाली उतरली, दांडे फिरले, आणि रबराला सारखा पीळ बसला. खड्डा आला की ते बिचारं आपल्या जागी परत जायला ओढायचं. वेल्डरला रबराची काय कल्पना? चाळीस वर्षांत त्यांनी जोडलेली एकही वस्तू हलायची नव्हती. हलणारं जोडणं ही त्यांच्यासाठी वेगळीच विद्या होती, आणि ती त्यांच्याच घरात, खिडकीत बसून चाळीस वर्षं कोणीतरी करत होतं.

"मी मूर्ख आहे," मामा म्हणाले.

"ते राहू द्या. उद्या किती वाजता उठताय?"

रविवारी सकाळी डेपो डोळ्यांवर काळा चष्मा चढवूनच आला. काय झालं ते ऐकून त्याने कपाळावर हात मारला, पण मित्रच तो, टोमणा एकच मारला आणि पाना उचलला. मागची चाकं जाड फळ्यांवर चढवली, म्हणजे गाडी आपल्या चाकांवर उभी राहिली आणि खाली सरपटत जायला जागाही झाली. आठही बोल्ट सैल केले. प्रत्येक बोल्ट सैल होताना गाडी आतून हलकंसं "कुंई" करायची आणि किंचित खाली बसायची.

"आता अंगावर घाला," मामी बाहेरून म्हणाल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत दार उघडून आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसल्या.

"अगं, तू कशाला?"

"कोणासाठी शिवताय? मग ज्याचा कोट त्याला नको का घालायला?"

मामा गाडीखाली, मामी वर. मधे पत्रा. मामांनी पहिला बोल्ट घट्ट केला.

"कसं वाटतंय?" त्यांनी खालून विचारलं.

"अहो, नुसतं उभ्या गाडीत काय वाटणार?"

"तरी सांग."

"छान वाटतंय."

प्रत्येक बोल्टला मामांनी हेच विचारलं आणि मामींनी हेच सांगितलं. पाचव्याला डेपो म्हणाला, "मी जाऊ का घरी?"

शेवटचा बोल्ट आवळून मामा बाहेर सरपटत आले तेव्हा पावणेअकरा झाले होते. पाठीला धूळ, नाकाला ग्रीस. तसेच चालकाच्या जागेवर चढले. गाडी फळ्यांवरून खाली उतरताच डेपोने त्या ओढून घेतल्या. "डॉक्टर आले तर थांबवतो," तो म्हणाला.

गल्ली गेली. मोठा रस्ता आला. पहिला गतिरोधक. मामांनी गाडी जवळजवळ थांबवलीच. पुढची चाकं गेली, मागची चढली, आणि उतरली. झालं. नुसती उतरली. माणूस सवयीच्या पायरीवरून उतरतो तशी. मामांनी शेजारी बघितलं नाही, धीर झाला नाही. दुसरा गतिरोधक. तिसरा. बाजाराच्या वळणावर शिवलेल्या कपड्यांचं दुकान आलं, बंद होतं, रविवार. तिथून ते पुलावर गेले, तिथे नेहमी धक्का बसायचा तो सांधा आला आणि गेला.

पुलापलीकडून वळून परत येताना त्यांनी शेवटी बघितलं. मामींचा हात कडीवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते, डोकं खिडकीला टेकलं होतं, डोळे मिटले होते.

मामांनी पाय हलका केला. गाडी गल्लीत शिरली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फाटकाशी डेपो उभा होता आणि त्याच्याशेजारी दातांचे डॉक्टर, स्वच्छ पांढऱ्या बुटांत, गाडी बघून हसरा चेहरा करून. डॉक्टरांनी हात वर केला. मामांचा पाय ब्रेकवर गेला.

आणि परत उठला. गाडी फाटकासमोरून, डेपोसमोरून, डॉक्टरांच्या वर केलेल्या हातासमोरून तशीच पुढे निघाली. मामा सरळ समोर बघत राहिले, जणू ते घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या आरशात डॉक्टरांचा हात हळूहळू खाली आला. डेपो काळा चष्मा काढून डोळे पुसत होता, हसून की कशाने, ते आरशात कळत नव्हतं.

गल्लीचं टोक आलं. मामांनी आवाज न करता गाडी वळवली, पुन्हा वेढा घालायला.

"डॉक्टरांना हात तरी करायचा होता," मामी डोळे न उघडता म्हणाल्या.